गारठलेलं पीठ आणि ओट्याखालचं कपाट

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचे इअरफोन हरवलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'म्हणजे'ची संख्या कमी केलीय.)

आत्ता सकाळचे सहा वीस झालेत आणि मी स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड करतेय. मागे जी घरघर ऐकू येतेय ती ओव्हनच्या पंख्याची आहे, आणि मधूनच जो आवाज येईल तो आईचा. तिला सांगितलंय की बोलू नकोस, रेकॉर्डिंग चालू आहे. ती म्हणाली, "माझ्या घरात मीच गप्प बसू?" तर ते तसं आहे.

पुण्यात थंडी पडलीय. पेपरात शिवाजीनगरचं तापमान छापून येतं ना, त्यावर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही. आमची बिल्डिंग दोन उंच बिल्डिंगांच्या मध्ये आहे, स्वयंपाकघराला दुपारी दोनपर्यंत ऊन नाही. फरशीवर पाय ठेवला की थेट मेंदूला कळतं. बाहेर दुपारी अठ्ठावीस-एकोणतीस डिग्री असतं, लोक हाफ शर्टात फिरतात, आणि आम्ही घरात कानटोपी घालून भाजी चिरतो. पुण्याची थंडी ही अशी आहे. रस्त्यावर कमी, घरात जास्त.

आजचा विषय पाव. म्हणजे घरी केलेला पाव, थंडीत. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंय की जूनमध्ये तुझ्या पद्धतीने पाव मस्त झाला, आता डिसेंबरात तीच कृती केली तर वीट झाली, असं का? उत्तर देते. पण त्याआधी मागच्या डिसेंबरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ते उत्तर मला तेव्हा मिळालं, आणि बऱ्यापैकी महागात पडलं.

मागच्या वर्षी सप्टेंबरात माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव घेत नाही, तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या ओळखीत असं कुणीतरी असेलच. एका व्हिडिओ कॉलवर अकरा मिनिटांत तीस-चाळीस जणांना सांगितलं. बाबांना मी तीन आठवडे सांगितलंच नाही. रोज लॅपटॉप घेऊन खोलीत बसायचे, दार लावून. काय करायचे? अर्ज भरायचे आणि ब्रेडचे व्हिडिओ बघायचे. मग एक दिवस लादीपाव केले, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, आणि दोन काकूंनी विचारलं, "विकणार का गं?" तिथून सुरू झालं. ऑक्टोबरात आठवड्याला दहा-बारा लाद्या जायला लागल्या. एक लादी म्हणजे सहा पाव. साठलेल्या पैशांतून चाळीस लिटरचा ओटीजी घेतला. बाबांना तेव्हा सांगावंच लागलं, कारण एवढा मोठा खोका लपवणार कुठे?

बाबा काही बोलले नाहीत, खोका उघडायला मदत केली. आई मात्र बोलायची थांबली. भांडण असं नाही. "जेवायला वाढलंय", "दूध आणलंय का", एवढंच. मी पीठ मळायला लागले की ती स्वयंपाकघरातून बाहेर जायची. फोनवर मावशीला सांगताना मी ऐकलं होतं, "इंजिनियर केली आणि पाव विकतेय." मला भयंकर राग आला होता. मीही बोलायची थांबले.

आणि मग डिसेंबरातल्या एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाचा वाढदिवस. पावभाजी, दुपारी एक वाजता, शहाण्णव पाव हवेत. म्हणजे सोळा लाद्या. माझी तोपर्यंतची सगळ्यात मोठी ऑर्डर. मी हिशेब केला. एका पावाला साधारण पंचावन्न ग्रॅम मळलेलं पीठ, म्हणजे तीन किलो मैदा. साडेपाचला उठून मळायचं, एक-एक किलोचे तीन घाणे. आठपर्यंत पीठ फुगेल, पावणेनऊपर्यंत गोळे करून ट्रेमध्ये, साडेनऊला पहिला घाणा ओव्हनमध्ये. एका वेळी दोन ट्रे, चोवीस पाव, पंचवीस मिनिटं. चार घाण्यांत साडेअकरापर्यंत सगळं तयार. वहीत लिहून ठेवलं होतं, वेळांसकट. ती वही अजून आहे.

आठ वाजता पातेल्यांवरचं फडकं काढलं, तर पीठ जसं ठेवलं होतं तसंच. थंडगार, घट्ट. बोट खुपसलं तर पुतळ्याला खुपसल्यासारखं.

आता सांगते काय झालं होतं. पहाटे पाचला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी किती गार असतं ते तोंड धुताना सगळ्यांना कळतं. मी ते नळाचं पाणी घेतलं, आणि निम्मं दूध फ्रिजमधून काढून तसंच ओतलं. उन्हाळ्यात मी मुद्दाम गार पाणी घ्यायचे, नाहीतर पीठ फार भराभर फुगतं. ती सवय तशीच राहिली. यीस्ट हा जिवंत जीव आहे, बुरशीच्या जातीचा. त्याला साखर खाऊन वायू सोडायला ऊब लागते. पंचवीस ते तीस डिग्रीत तो खुशीत काम करतो. पंधराच्या खाली गेलात की तो मरत नाही, पण अगदी संथ होतो. गोधडीतून बाहेर न येणाऱ्या माणसासारखा. माझं पीठ फार तर चौदा-पंधरा डिग्रीचं असेल.

इथे शांत राहिले असते तर बरंच वाचलं असतं. मी घाबरले. पहिलं पातेलं उचललं आणि ओव्हनमध्ये ठेवलं, शंभर डिग्रीवर, "पाच मिनिटं" म्हणून. तेवढ्यात काकूंचा फोन आला, "किती वाजता येऊ गं पाव घ्यायला?" त्यांच्याशी गोड बोलण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. पातेलं बाहेर काढलं तर कडेचं पीठ शिजून पांढरं, रबरासारखं झालेलं, वर पापुद्रा, आणि मध्ये अजून गार. साठ डिग्रीच्या आसपास यीस्ट मरतो, आणि स्टीलचं पातेलं कडेने किती तापतं ते वेगळं सांगायला नको. एक किलो मैदा, दूध, बटर, सगळं गेलं. बत्तीस पाव.

मी ओट्याला टेकून खाली फरशीवर बसले आणि रडायला लागले. हो, पावासाठी. पण तुम्हाला कळतंय ना, ते पावासाठी नव्हतंच पूर्ण.

आई दारात उभी होती. किती वेळ होती माहीत नाही. ती आत आली, दुसऱ्या पातेल्यातलं पीठ बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाली, "मेलं नाहीये. गारठलंय."

मग तिने जे केलं ते मी शब्दशः सांगते, कारण तुम्हाला तेच करायचंय. ओट्याखालच्या कपाटातले डबे भराभर बाहेर काढले. मला म्हणाली, "एवढा मोठा गोळा आतपर्यंत कधी तापणार? भाग कर." दोन पातेल्यांतल्या पिठाचे आम्ही आठ भाग केले, आठ वेगवेगळ्या डब्यांत, आतून तेलाचा हात फिरवून. कपाटाच्या तळाशी पसरट पातेल्यात कढत पाणी ठेवलं. त्याच्या आजूबाजूला आणि वरच्या फळीवर डबे. दार लावलं आणि दारावरून गोधडी टाकली. अर्ध्या तासाने पाणी बदललं. म्हणाली, "इडलीचं पीठ थंडीत मी काय हीटर लावून फुगवते का?" खरंच की. ती दर थंडीत इडलीचं पीठ असंच ठेवते. मी तीस वर्षं त्या घरात राहून कधी विचारलं नव्हतं की डिसेंबरातही इडली हलकी कशी होते.

पीठ फुगायला पावणेदोन तास लागले. त्या वेळात आम्ही दोघी कपाटासमोर बसून होतो. ती स्टुलावर, मी खाली. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, आणि बऱ्याच महिन्यांनी आम्ही एका खोलीत एवढा वेळ होतो.

मला माहीत होतं की आई पूर्वी डबे द्यायची. पण 'पूर्वी आई डबे द्यायची' हे एक वाक्य होतं माझ्यासाठी, त्याच्या पुढे काही नव्हतं. त्या दिवशी तिने सांगितलं. बाबांचा पिंपरीतला कारखाना बंद पडला तेव्हा मी तीन वर्षांची होते. तिने शेजारच्या हॉस्टेलच्या मुलांना डबे सुरू केले. आधी चार, मग चौदा. सकाळी सव्वाचारला उठायचं, साठ-सत्तर पोळ्या. थंडीत कणकेचं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं गार. गिझर नव्हता. बोटांना भेगा पडायच्या आणि त्यात मीठ-तिखट जायचं. चार वर्षं. महिना संपल्यावर पैसे न देता खोली सोडून गेलेली मुलंही होती. ती म्हणाली, "तुझा पहिला पगार झाला ना, त्या दिवशी मला वाटलं, हिचे हात कधी फुटणार नाहीत." आणि मग, "मला पावाचं काही नाही गं. पहाटे उठून गार पाण्यात हात घालताना तुला बघवत नाही मला."

मी काय बोलणार? मी म्हटलं, "पाणी बदलायचं झालं का?" ती म्हणाली, "झालंय."

(इथे मी रेकॉर्डिंग जरा थांबवलं होतं. आई चहा देऊन गेली.)

तर, चौसष्ट पाव झाले. तीन घाण्यांत. पावणेएकला तिसऱ्या मजल्यावर पोचवले. बाबा खालच्या बेकरीतून उरलेले बत्तीस घेऊन आले आणि मी काकूंना सरळ सांगितलं की हे विकतचे आहेत, माझं पीठ बिघडलं, यांचे पैसे द्यायचे नाहीत. काकू खूश झाल्या वगैरे असं काही नाही हं. म्हणाल्या, "आधी सांगायचंस ना, मी काहीतरी सोय केली असती." बरोबरच होतं त्यांचं. मार्चपर्यंत त्यांनी ऑर्डर दिली नाही.

आता तुमचं उत्तर. थंडीत कृतीतलं प्रमाण बदलायची गरज नाही, पाण्याचं तापमान बदला. बेकर लोकांचा एक सोपा हिशेब आहे. मळून झालेलं पीठ सव्वीस डिग्रीचं हवंय असं धरा. सव्वीस गुणिले तीन, अठ्ठ्याहत्तर. त्यातून खोलीचं तापमान वजा करा, मैद्याचं वजा करा, आणि हाताने मळताना जी थोडी ऊब येते तिचे दोन. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी सतरा डिग्री असतं, मैदाही तेवढाच. म्हणजे पाणी आणि दूध मिळून साधारण बेचाळीसचं हवं. हाताला छान गरम लागतं, पण चटका बसत नाही. थर्मामीटर नसेल तर तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी आठवा, त्याच्यापेक्षा किंचित जास्त. इन्स्टंट यीस्ट आधी मैद्यात मिसळा, मग पाणी. कढत पाणी थेट यीस्टवर ओतायचं नाही.

प्रमाण विचाराल म्हणून, अर्धा किलो मैद्याला माझं असं आहे: सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, नऊ ग्रॅम मीठ, चाळीस ग्रॅम साखर, दूध-पाणी मिळून तीनशे वीस मिलिलिटर, आणि शेवटी चाळीस ग्रॅम बटर. बटर फ्रिजमधलं थेट नको, तेही पिठाला गार करतं. दहा-बारा मिनिटं दमून मळायचं. वेळ बघून फुगलं का ठरवू नका, बोट बघून ठरवा. पिठाचा हात लावलेलं बोट खुपसा. खड्डा पटकन भरून आला तर अजून थांबा, हळूहळू अर्धवट भरला तर झालं, अजिबात भरला नाही तर उशीर झालाय. भाजताना एकशे ऐंशी-नव्वद डिग्री, आणि दोन ट्रे असतील तर मध्ये वरखाली करा.

कपाट रिकामं करायचं नसेल तर बंद ओव्हन किंवा मायक्रोव्हेवमध्ये कढत पाण्याचा एक पेला ठेवा आणि शेजारी पीठ. ओव्हन चालू करायचा नाही! हे मी मोठ्याने सांगतेय, कारण माणूस घाबरला की तेच करतो.

आणि थंडी तुमच्या बाजूनेही वापरता येते, हे मला नंतर कळलं. यीस्ट सातऐवजी फक्त एक ग्रॅम घ्या, रात्री दहाला साध्या पाण्यात मळा, झाकून ओट्यावर सोडून द्या आणि झोपा. सतरा-अठरा डिग्रीत ते रात्रभर सावकाश फुगतं, सकाळी सात-आठला किंवा जरा उशिरा तयार होतं. चव जास्त चांगली, कारण सावकाश आंबताना वास-चव उतरायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात असं बाहेर ठेवलंत तर सकाळी ओट्यावरून उचलावं लागेल. आणि पहाटे साडेपाचला गार पाण्यात हात घालावा लागत नाही. हल्ली मी असंच करते.

पाव म्हटलं की कमेंटमध्ये कुणीतरी येतंच की 'पायाने मळतात म्हणून पाव'. नाही हो. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला जो शब्द आहे त्यावरून तो आलाय, गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा. तिथे पूर्वी यीस्टऐवजी माडाची सूर घालून पीठ आंबवायचे. गोव्यात अजूनही सकाळी पोदेर सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत येतो आणि कोंडा लावलेली पोई देतो. मागच्या वर्षी मैत्रिणीकडे म्हापशाला गेले होते तेव्हा त्या भोंग्याने रोज उठायचे. माझी पोई अजून तशी जमत नाही. वर फुगते, पण आत पोकळ होत नाही. ओव्हनला ती भट्टीची धग नाही.

भट्टीवरून आठवलं. आई साताऱ्याची. तिच्या लहानपणी दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर, तूप घरून घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई करून घ्यायची, आपल्या डब्यात. रांग लागायची. डबा नेऊन आणायचं काम मुलांचं, कारण वाटेत एखादी खाता यायची. नानकटाई ही मात्र थंडीत करण्याचीच गोष्ट आहे. तूप घट्ट, कणीदार असतं, साखरेबरोबर फेसताना हलकं पांढरं होतं, आणि गोळे ओव्हनमध्ये पसरत नाहीत. मे महिन्यात त्याचा पापड होतो, करून बघू नका.

या दिवसांत खरं तर पावापेक्षा बाकीचंच खायला हवं. मंडईत सध्या सोलाणे आलेत, तुरीच्या ओल्या शेंगा आहेत, हिरवा लसूण, पावटे. आमच्याकडे काल सोलाण्यांची आमटी होती. हरभऱ्याचे हिरवे दाणे थोडे तेलावर परतून, निम्मे भरड वाटून, गोडा मसाला, आमसूल आणि गुळाचा खडा. वरून बाजरीची भाकरी. त्या पातळ आमटीत माझा पाव बुडवून बाबांनी खाल्ला आणि म्हणाले, भाकरीच बरी. असू दे.

माझं सध्या काय चाललंय असं काहीजण विचारतात. फेब्रुवारीत मला परत नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. पाव फक्त शनिवार-रविवार. आईने यंदा दिवाळीनंतर स्वतःहून डिंकाच्या लाडवांची यादी काढली, ग्रुपवर मला टाकायला लावली. दर तिचा तिने ठरवला आणि पैसे आगाऊ घेते. अजिबात उधार नाही. मी म्हटलं, "काकूंना तरी." म्हणाली, "काकूंना पण नाही." तिच्यासाठी एक रबरी हातमोज्यांची जोडी आणलीय, ती वापरत नाही. सिंकखाली गरम पाण्याचा नळ मात्र जोडून घेतला. प्लंबरने त्याचे जितके पैसे घेतले तितक्यात नव्वद लाद्या येतात, मी मोजलंय.

ओव्हन वाजला. ऐकू आलं? पहिला घाणा झाला. आता वरून बटर लावून ओल्या फडक्याखाली ठेवायचे, म्हणजे वरचं कवच मऊ राहतं. तिसऱ्या मजल्याच्या चार लाद्या आहेत आज, आठच्या आत पोचवायच्यात.

पुढच्या भागात भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी. भाकरी मी नाही, आई शिकवणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. तुमच्या स्वयंपाकघरात सकाळी किती डिग्री असतं ते मोजून मला पाठवा, आणि कुणाची पोई आतून पोकळ होत असेल तर कशी ते प्लीज सांगा.

आले गं आई, आले!